ताई, लाईट!

दिवे घाट चढून वर आलं की ते आधी नाकाला कळतं. खाली वडकीपर्यंत डिझेलचा धूर आणि गोदामांसमोर उभ्या असलेल्या कंटेनरांच्या टायरांचा तापलेला वास. वर आल्यावर एकदम मोकळं वारं आणि पावसाळा सरता सरता सीताफळांचा गोडसर, जरासा आंबूस वास. रस्त्याच्या कडेला पाट्या मांडून माणसं बसलेली असतात. गेल्या वर्षी ऑक्टोबरातल्या एका सकाळी त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्यानं मला हात केला. सीताफळं घ्या म्हणून नव्हे. उजवा हात खांद्याच्या वर नेऊन त्यानं पाची बोटं उघडली, मिटली, पुन्हा उघडली, पुन्हा मिटली. आणि वर मोठ्यानं म्हणाला, "ओ ताई, लाईट चालू हाय!" गंमत म्हणजे जवळच्या गावाचं नावच दिवे.

यावर मी काय करावं? मान हलवली, हसले आणि डाव्या अंगठ्यानं बटण दाबलं. लाईट बंद केल्यासारखं. आता माझ्या स्कूटरला लाईट बंद करायचं बटणच नाही. १ एप्रिल २०१७ नंतर आलेल्या कुठल्याच नव्या दुचाकीला ते नाही. इंजिन चालू झालं की दिवा लागतो, बंद केलं की विझतो, मधे आपलं काही चालत नाही. हे मला पक्कं ठाऊक. तरी मी बटण दाबलं, आणि दाबलं ते अप्पर-डिप्परचं. डिप्परवर असलेला लाईट अप्पर झाला. आरशात पाहिलं तर म्हातारा अजून बोटं उघडमीट करतोय, आता जरा जास्तच जोरात. पुढे सासवडच्या अलीकडे एका टेम्पोवाल्यानं समोरून दोनदा लाईट मारला, तेव्हा ध्यानात आलं की मी तशीच भरउन्हात अप्परवर चाललेय.

शाळेत मधल्या सुट्टीत हा किस्सा सांगितला. सगळे हसले. आमच्याकडे नवीन लागलेली एक शिक्षिका आहे, चोविशीतली. ती मात्र हसली नाही. तिला कळलंच नव्हतं. मी बोटांची उघडमीट करून दाखवली तर म्हणाली, "मॅडम, ते टाटा करत असतील."

टाटा!

तिचंही बरोबर आहे. ती गाडी शिकली तेव्हा ही खूण रस्त्यावरून गेलेली होती. आमच्या काळी रस्त्यावर अनोळखी माणसं एकमेकांना तीन गोष्टी हमखास सांगायची. स्टँड, ओढणी आणि लाईट. तिन्ही एका शब्दाच्या हाका, क्रियापदाची गरज नाही. शेजारून जाणारा माणूस "स्टँड!" असं ओरडून निघून जायचा, आपण पाय मागे नेऊन स्टँड वर घ्यायचा, तोवर तो पुढच्या चौकात. त्याचा चेहराही दिसलेला नसायचा. ओढणीची हाक मात्र बायकाच द्यायच्या, आणि कुणा पुरुषाला द्यावी लागली तर तो दुसरीकडे बघत द्यायचा. लाईटच्या हाकेला खूण पुरायची. सिग्नलला समोरासमोर उभं राहिलं की पलीकडचा नुसती बोटं हलवायचा. आपण ओशाळून लाईट बंद करायचा, मान हलवायची. कुणी कुणाला थँक्यू म्हणायचं नाही, इतकं ते सवयीचं होतं. ओढणीची हाक अजून टिकून आहे, स्टँडचीही थोडीफार, पण आता पुष्कळ गाड्या स्टँड खाली असला तर चालूच होत नाहीत. लाईटची तेवढी संपली. एका सरकारी आदेशानं एक शिष्टाचार संपवला, आणि तो संपला हे कुणी कुठे लिहून ठेवल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

माझे बाबा या खुणेचे एकनिष्ठ भक्त होते. साताऱ्यात आमच्याकडे राखाडी रंगाची चेतक होती. तिचा दिवा इंजिनाच्या जिवावर जगायचा; गाडी पळाली की पिवळाधमक, थांबली की निखाऱ्यासारखा. रात्री बाबा घराच्या फाटकाशी यायचे आणि आईला कडी दिसावी म्हणून तिथंच उभ्या उभ्या एक्सलेटर पिळत राहायचे. दिव्याची उजेडाची लाट फाटकावर चढायची, उतरायची. त्या आवाजानं शेजारची मुलं जागी व्हायची, पण तो वेगळा विषय. अशा माणसाला दिवसा जळणारा दिवा बघवायचा नाही. बल्ब उडेल, बॅटरी उतरेल, आणि मुख्य म्हणजे उगाच जळतोय. घरातही तेच. दिवेलागणीच्या आधी कुणी ट्यूब लावली की आई म्हणायची, "दिवसाढवळ्या कसले दिवे लावताय?" आमच्या भाषेत दिवे लावणं हे तसंही कौतुकानं म्हणायचं नसतंच. त्यामुळे बाबांना रस्त्यात लाईट चालू असलेली गाडी दिसली की त्यांचा हात आपोआप वर जायचा. मागे बसलेल्या मला त्या क्षणी गाडी किंचित डावीकडे झुकल्यासारखी वाटायची. पुढचा माणूस बघेपर्यंत ते हात खाली घ्यायचे नाहीत. एखाद्यानं नाहीच बघितलं तर घरी येईपर्यंत चुटपुट.

१९९४ च्या मे महिन्यात, सकाळी अकराच्या सुमाराला, पोवई नाक्याजवळ समोरून आलेली एक जीप बाबांच्या अंगावर उजवीकडे वळली. आभाळ निरभ्र, रस्ता कोरडा. बाबा सरळ चालले होते. पांढरा शर्ट, राखाडी स्कूटर, वेग असेल पस्तिसाचा. डावा पाय दोन ठिकाणी मोडला आणि पुढे आयुष्यभर ते जिना चढताना आधी उजवा पाय टाकत राहिले.

जीपवाला तिसऱ्या दिवशी दवाखान्यात आला. हातात कंदी पेढ्यांचा पुडा. आमच्या काकांनी त्याला दारातच अडवलं होतं, बाबांनीच आत बोलावलं. मी खाटेच्या पायथ्याशी उभी होते, सतरा वर्षांची, मनातून त्याला शिव्या घालत. तो म्हणाला, "अहो साहेब, पोरांची शप्पथ घेऊन सांगतो. मी बघितलं होतं. बघूनच वळलो. रस्ता मोकळा होता." बाबा त्याच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे मी नव्हतोच का तिथं?" त्याला उत्तर देता आलं नाही. पेढे आम्ही घेतले नाहीत. घ्यायला हवे होते, असं आता वाटतं.

बाबा २०१५ ला गेले. तो माणूस धडधडीत खोटं बोलला, ही त्यांची समजूत शेवटपर्यंत कायम होती. कुणी अपघाताचा विषय काढला की ते तेवढंच सांगायचे. पायाबद्दल नाही, त्या वाक्याबद्दल. म्हणे बघितलं होतं.

ते खोटं नसावं हे मला फार उशिरा कळलं. २०१८ ला मी ही स्कूटर घेतली तेव्हा शोरूममधल्या मुलाला विचारलं, "लाईटचं बटण कुठाय?" त्यानं उजव्या मुठीजवळची रिकामी जागा दाखवली आणि पाठ केलेलं वाक्य म्हटलं, "मॅडम, आता दुचाकीचा लाईट दिवसाही चालूच राहतो, दुसऱ्यांना तुम्ही दिसावं म्हणून." तेव्हा या नियमावर विनोदांना ऊत आला होता. आपल्याकडे उन्हाला तोटा आहे का, सूर्याला टॉर्च दाखवायची का, वगैरे. मीही त्यातले दोनेक पुढे ढकलले असतील. माझा पुतण्या स्वीडनला, गोथेनबर्गला असतो. त्याला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "काकू, इथं तर १९७७ पासून सगळ्या गाड्या दिवसा लाईट लावून फिरतात." मी म्हटलं, "तुमच्याकडे हिवाळ्यात तीन वाजता अंधारतं, तुमची गोष्ट वेगळी." फिनलंडनं तर त्याही आधी, १९७२ पासून, गावाबाहेरच्या रस्त्यांवर हिवाळ्यात हे सुरू केलं होतं. कमी उजेडाचे देश ते. आपलं काय?

आपलं काय, याचं उत्तर मला वडाच्या झाडांनी दिलं. जुन्या रस्त्यांवर जिथं अजून वड उरलेत तिथं भर दुपारी जाऊन बघा. ऊन जितकं कडक, तितकी सावली काळी. उन्हातून येणाऱ्या डोळ्यांना त्या सावलीतलं काही क्षणभर दिसतच नाही. त्या क्षणभरात एक अख्खी मोटरसायकल माणसांसकट सावलीत शिरते आणि नाहीशी होते. दिसतो तो तिचा दिवा. भगभगीत उजेडात आपल्याला सगळं दिसतं हा नुसता समज आहे. त्यातून दुचाकीचा पुढचा भाग तो केवढासा. समोरून येणारी गाडी जवळ आली हे आपण ओळखतो ती मोठी मोठी होत जाते त्यावरून. मोटार रुंद असते, भराभर वाढते. दुचाकी बराच वेळ तेवढीच दिसते आणि मग एकदम अंगावर येते. शिवाय आपण चौकात मान वळवून डावीकडे-उजवीकडे बघतो तेव्हा नजर काही सलग फिरत नाही, उड्या मारते, आणि उडी मारताना मेंदू मधलं चित्र गाळून टाकतो. नेमकी त्या गाळलेल्या तुकड्यात एक स्कूटर असेल, तर बघणारा शपथेवर सांगू शकतो की मी बघितलं, रस्ता मोकळा होता. जगभर चौकांतल्या अपघातांनंतर माणसं हेच वाक्य बोलत आलीत. दवाखान्यातला जीपवाला त्यांच्यातलाच एक असणार.

हे बाबांना सांगायचं राहून गेलं. सांगितलं असतं तरी पटलं नसतं म्हणा. "म्हणजे मी दिवसा दिवा लावून हिंडायला हवं होतं?" असं म्हणाले असते.

आता या बिनबटणाच्या लाईटवर माझी भक्ती जडली आहे, असंही समजू नका. रोजचा माझा रस्ता सकाळी उगवतीकडे आणि संध्याकाळी मावळतीकडे, म्हणजे दोन्ही वेळा ऊन डोळ्यांत. सकाळी घाटमाथ्यावर समोरून येणाऱ्या गाड्या नुसत्या काळ्या आकृत्या असतात. त्या म्हाताऱ्यानं हात केला त्याच आठवड्यात मी एका ट्रॅक्टरला ओलांडायला उजवीकडे काढली, समोर नुसतं चकचकीत ऊन, आणि त्या उन्हाच्या पोटात मोहरीएवढा एक पांढरा ठिपका. मी पुन्हा ट्रॅक्टरमागे आले. ठिपका शेजारून गेला तेव्हा त्याला एक नवरा, एक बायको आणि मधे कानटोपी घातलेलं एक पोर होतं. पोराच्या हातात बिस्किट होतं. मी पुढचा अर्धा किलोमीटर त्या ट्रॅक्टरमागेच राहिले, ओलांडायची छातीच झाली नाही. सरकारी अहवालात २०२२ साली देशातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली, आणि त्यांतली ४४ टक्क्यांहून जास्त दुचाकीवरची होती. असले आकडे मी एरवी वाचते आणि पान उलटते. त्या दिवशी बिस्किट आठवत राहिलं.

पण त्याच रस्त्यावर दुसरंही दिसतं. आता मोटारींनाही दिवसा जळणाऱ्या दिव्यांच्या पट्ट्या आल्या आहेत, कुणाच्या भुवयांसारख्या, कुणाच्या दातांसारख्या. सगळेच चमकायला लागल्यावर त्यात स्कूटरचा एक दिवा कुठे दिसायचा? युरोपातले मोटरसायकलवाले हीच तक्रार करत होते. ऑस्ट्रियानं २००५ ला सगळ्या गाड्यांना दिवसा लाईट सक्तीचे केले आणि २००८ ला सक्ती उठवलीही. आणि आपल्याकडे पावसात, धुक्यात अशा कितीतरी मोटारी पुढच्या पट्टीवर खूश होऊन चालतात. चालवणाऱ्याला वाटतं लाईट लागलेत, मागचा लाल दिवा मात्र बंद. घाटात धुकं उतरलं की अशी पाठ एकदम समोर येते. त्यांना कुणी सांगायचं? काच वर, एसी चालू, आत गाणी. आपली बोटं उघडमीट करून दाखवावीत तर त्यांना वाटणार, ही बाई टाटा का करतेय.

आणि ऊस. नीरेला माझी बहीण असते. दिवाळीनंतर तिकडून रात्री परतणं मला नको वाटतं ते या ट्रॉल्यांमुळे. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, दोन्ही ऊस ओसंडलेल्या, मागे दिवा नाही. नशीब असेल तर फळीवर रेडियमची पट्टी, तीही पाचटाखाली झाकलेली. उसाच्या कांड्या बाहेर आलेल्या असतात आणि पहिल्यांदा त्यांचीच टोकं दिसतात, तीही आपला दिवा त्यांच्यावर पडला तर. दिवसा सगळ्यांचे दिवे चालू, आणि जिथं खरोखर दिवा हवा तिथं काळोख. ट्रॅक्टरवाल्याला याबद्दल एकदा हटकलं तर म्हणाला, "ताई, एवढी मोठी ट्रॉली दिसत न्हाई व्हय?"

बाबांचंच वाक्य. जवळजवळ.

म्हाताऱ्याचा किस्सा सांगून झाल्यावरही माझं मन त्याच्याशीच अडकत होतं. मी बटण दाबायचं नाटक का केलं? थांबून सांगायला दोन मिनिटं लागली असती. पण तो चुकलाय हे त्याला सांगणं मला जड गेलं, कारण तो काही चुकला नव्हता. त्याच्या हिशेबी दिवसा जळणारा दिवा म्हणजे कुणाचा तरी विसर, आणि विसरलेल्याला आठवण करून देणं हे आपलं काम. दिवसभरात त्याच्यासमोरून शेकडो दुचाक्या जात असणार, सगळ्या दिवा लावून. तो सगळ्यांना हात करत असेल? की आता थकून, कधीमधी एखादीलाच? मग मीच का? त्याला काय दिसलं असेल माझ्यात, कोण जाणे. विसरभोळा चेहरा, बहुधा.

पुढच्या शनिवारी शाळा सकाळची होती. परतताना थांबले. पाटीत सीताफळं कमीच उरली होती, डोळे उघडलेली, बोट लावलं की दबणारी. त्यानं मला ओळखलं नाही, गाडीला ओळखलं. "तुमचाच लाईट ना तो? अजून चालूच की वो." मी गाडी बंद केली. दिवा विझला. चालू केली, लागला. पुन्हा बंद, पुन्हा चालू. म्हटलं, "काका, याला बटणच नाही. सगळ्या नव्या गाड्यांना नाही. कायदाच केलाय." तो उठला, गुडघ्यावर हात देत देत, आणि समोर येऊन दिव्यापुढे तळवा धरला. एलईडीचा पांढरा उजेड बोटांच्या फटींतून बाहेर आला, बोटांच्या कडा लाल झाल्या. नखांत सीताफळाचा काळा चिकटा बसलेला होता.

"तापत न्हाई," तो म्हणाला.

"नाही तापत."

"बॅटरी उतरंल की."

"नाही उतरत. चालवताना भरत राहते."

"मग कशापायी म्हनायचं?"

"समोरच्याला आपण दिसावं म्हणून."

त्यानं रस्त्याकडे बघितलं. एकामागून एक गाड्या येत होत्या, कुणाचा एक दिवा, कुणाचे दोन. दुपारचं ऊन डांबरावर थरथरत होतं. बराच वेळ बघून म्हणाला, "आन मी आपला वरसं झाली हात करतुय. एकबी पोरगं ऐकत न्हाई. म्हनलं, पोरंच तसली." मग स्वतःच हसला, तोंडात खालचे तीनच दात. माझी सीताफळं वजन न करता पिशवीत घातली, वर एक जास्तीचं टाकलं, ते घरी जाईपर्यंत फुटून पिशवीभर झालं. मी गाडी वळवत होते तेव्हा मागून म्हणाला, "रातच्याला मातर लावायला इसरू नका, ताई."

मी हो म्हटलं.

परवा पुन्हा गेले तिथून. सीताफळांचा मोसम संपलेला, पाटीत आता अंजिरं, वर ओला फडका. ऊन नेहमीसारखं तोंडावर. लांबूनच त्याचा हात सवयीनं वर गेलेला दिसला. पाची बोटं उघडली, आणि मी शेजारून पुढे जाईपर्यंत तशीच उघडी राहिली.